उसन्या भिंतींचं घर

बाबांनी बोटाच्या पेराने भिंतीवरच्या लाकडी कोरीवकामावर दोनदा टकटक केलं आणि कान जवळ नेला. तोच मागून अगदी सौम्य आवाजात सूचना आली, कृपया हात लावू नका. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक स्वयंसेवक आजी बसल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर टॉर्च. बाबांनी शाळेतल्या पोरासारखा हात पाठीमागे घेतला, "सॉरी, सॉरी" म्हणाले, आणि माझ्याकडे वळून हळूच मराठीत, "पोकळ आहे. खरी भिंत मागे आहे. हे नुसतं पांघरूण."

अख्खी नोकरी बांधकामावर ओव्हरसिअर म्हणून काढलेल्या माणसाला महाल दाखवायला नेलं की असं होतं. सगळे झुंबर बघतात, हा माणूस झुंबर कशाला टांगलंय ते बघतो.

मी इंग्लंडमधल्या एल्सबरीत राहते त्याला आता अकरा वर्षं झाली. गावातून बिस्टरच्या रस्त्याला लागलं की सहाएक मैलांवर डाव्या हाताला झाडीने भरलेली टेकडी येते आणि पानगळीच्या दिवसांत त्या झाडीतून निमुळत्या टोकांचे, राखाडी टोप्या घातलेले मनोरे डोकावतात. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा गाडीतून विचारतो, हा किल्ला कुणाचा? किल्ला नाही, घर आहे, असं सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. वॉड्सडन मॅनर. रॉथ्सचाइल्ड या बँकवाल्या घराण्यातल्या बॅरन फर्डिनंड द रॉथ्सचाइल्ड याने 1870 आणि 1880च्या दशकांत बांधलेलं, शनिवार ते सोमवार पाहुणे बोलवायचं घर.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मला ते आवडत नसे. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की ओळीने मंगल कार्यालयं आणि 'लॉन्स' लागतात ना, दर्शनी बाजूला राजस्थानी हवेली आणि मागे पत्र्याची शेड, त्यातलाच हा प्रकार वाटायचा. इंग्लंडच्या साध्या, मेंढ्या चरणाऱ्या मुलखात सोळाव्या शतकातला फ्रेंच महाल, तोही राणी व्हिक्टोरियाच्या काळात! हौसेला मोल नाही म्हणतात, तर इथे मोलालाही मोल नव्हतं. मी दोनदा बागेत फिरून, स्कोन खाऊन परत आले होते. आत शिरले ती बाबांमुळे.

बाबांना बाहेरच अर्धा तास लागला. उत्तरेकडचं तोंड आधी समोर येतं. लांब सरळ रस्ता, मध्ये कारंजं, आणि मग एकदम ती इमारत. बाथ शहराकडचा मधासारखा पिवळसर दगड, वर उतरती स्लेटची छपरं, छपरांतून बाहेर आलेल्या खिडक्या आणि धुराड्यांचं अख्खं जंगल. कुणीही वर बघावं म्हणूनच जणू सगळी नक्षी छपरापाशी जमवली आहे. बाबा वर न बघता खाली बघत होते.

"ही टेकडी कापलीय," ते म्हणाले.

बरोबर होतं. फर्डिनंडने 1874 साली वडिलांच्या मृत्यूनंतर आलेल्या वारशातून ही जमीन ड्यूक ऑफ मार्लबरोकडून घेतली तेव्हा इथे 'लॉज हिल' नावाची बोडकी, शंकूसारखी टेकडी होती. घर नाही, बाग नाही, म्हणावं असं झाडही नाही. सगळ्यात आधी टेकडीचा माथा छाटून सपाट केला. मग चढाचे रस्ते. पायाचा दगड बसवायला 1877 चा ऑगस्ट उजाडला, म्हणजे तीन वर्षं नुसती मातीतच गेली. सामान आणायला रेल्वेमार्गापासून खास वाफेची ट्राम टाकली. शेवटच्या चढावर इंजिनाने दोरखंड ओढून डबे वर घ्यायचे. आणि झाडं? टेकडी भुंडी दिसते म्हणून मोठी वाढलेली झाडं आसपासच्या मुलखातून मुळांसकट उपटून आणली. ती ओढायला नॉर्मंडीहून पर्शरॉन जातीच्या दणकट घोड्या मागवल्या. आज जी शंभर वर्षांची वाटणारी झाडी आहे ती जाणूनबुजून, आखून लावलेली. एली लेने नावाच्या फ्रेंच माणसाने ती आखणी केली.

"म्हणजे निसर्गसुद्धा कंत्राटावर," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात टीका नव्हती. कौतुकच होतं.

वास्तुविशारदही फ्रेंच. गाब्रिएल-इपोलीत देस्तायर. जुन्या महालांच्या दुरुस्तीत मुरलेला माणूस, वो-ल-व्हिकाँतसारख्या सतराव्या शतकातल्या वास्तूवर काम केलेला. फर्डिनंडला लहानपणापासून लॉआर नदीकाठच्या महालांचं वेड होतं. त्याने देस्तायरला बोलावलं आणि दोघांनी मिळून एक प्रकारचं ताट वाढलं. मनोरे मँतनोंच्या महालाचे. बाहेरून दिसणारे वळणाचे जिने ब्लुआ आणि शांबोरच्या वळणावरचे. मूळ फ्रेंच जिने उघडे, वारा आरपार जाणारे. इथे जुलैतही पाऊस आडवा येतो. म्हणून देस्तायरने जिन्याच्या सगळ्या मोकळ्या कमानींना काचा बसवल्या. मला या घरातली सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. इतक्या थाटाच्या नकलेत तेवढी एकच जागा आहे जिथे नक्कल थांबते आणि इथलं हवामान बोलतं. ढगाळ दुपारी त्या काचांमागे जिन्याची दगडी पायरी कशी ओलसर प्रकाशात तिरकी वर सरकत जाते ते बाहेर उभं राहून बघावं.

नकलेवरून एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यात फिरतेय. ज्या शांबोरची ही नक्कल म्हणतात, तो शांबोरसुद्धा नकलीच होता. फ्रान्सचा राजा पहिला फ्रांस्वा याने 1519 मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा तोफा आल्या होत्या, जाड गोल बुरुजांचे दिवस संपत आले होते. तरी त्याने कोपऱ्यांना बुरुज बांधले. कुणाशी लढायला नाही, शिकारीला आल्यावर राजा दिसावा म्हणून. म्हणजे सोळाव्या शतकातल्या राजाने आपल्या आजोबांच्या किल्ल्याचा वेश घातला आणि साडेतीनशे वर्षांनी बँकवाल्या घराण्यातल्या एकाने त्या वेशातल्या राजाचा वेश घातला. यात खरं कोण आणि खोटं कोण हे मला तरी ठरवता येत नाही. विजार कुणाची का असेना, शिवण कशी आहे ते बघावं.

त्या काळच्या श्रीमंत इंग्रजांना घराची शैली निवडणं म्हणजे सुटाचं कापड निवडण्यासारखंच होतं. कुणी गॉथिक घ्यायचं, कुणी इटालियन, कुणी जुन्या इंग्लिश राजाच्या काळातलं. फर्डिनंडच्याच नात्यातलं मेंटमोर हे घर इथून जवळ आहे, ते जुन्या इंग्लिश धाटणीचं, काचेच्या क्रिस्टल पॅलेसवाल्या जोसेफ पॅक्स्टनने केलेलं. फ्रेंच महालाची हौसही एकट्या फर्डिनंडला नव्हती. ड्रॉइटविचला एका मिठाच्या कारखानदाराने याच सुमारास तसलंच घर बांधलं. एगम गावचं रॉयल हॉलोवे कॉलेज, जिथे आपल्याकडची पोरंही आता शिकायला जातात, तेही शांबोरच्याच वळणाचं. पण ही बाकीची मंडळी मूळची इंग्रज होती. त्यांच्या अंगावरचं फ्रेंच कापड हे परगावाहून आणलेलं कापडच राहिलं.

फर्डिनंडचं तसं नव्हतं, आणि तसंही म्हणता येत नाही. तो जन्मला पॅरिसमध्ये, 1839 साली. वाढला फ्रँकफुर्ट आणि व्हिएन्नात. विशीत इंग्लंडला आला आणि इथलाच झाला, पुढे एल्सबरीचा खासदारसुद्धा. त्याचं स्वतःचं असं वाडवडिलांचं घर कुठलं? त्याच्या पणजोबांचं, म्हणजे घराण्याचा पाया घालणाऱ्या मायर आम्शेलचं घर फ्रँकफुर्टच्या युडेनगासेत होतं. शहरातल्या ज्यूंनी राहायचं ते याच एका बोळात, असा कायदा होता. रात्री बोळाच्या वेशी बाहेरून बंद व्हायच्या. घरं इतकी अरुंद की एका घराची रुंदी म्हणजे एक खोली. पुढे कायदा गेला, पोरं पॅरिस, लंडन, व्हिएन्ना, नेपल्समध्ये पसरली, राजांना कर्ज देऊ लागली. पण फर्डिनंडची पणजी गूटले त्या बोळातलं घर सोडायला तयार झाली नाही. 1849 मध्ये, पंचाण्णव वर्षं ओलांडून, ती तिथेच गेली. तेव्हा फर्डिनंड नऊ-दहा वर्षांचा असणार.

हे मी बाबांना बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. त्यांनी विचारलं, "खोलीची रुंदी किती म्हणालीस?" मग दोन्ही हात पसरून हवेत माप घेतलं, आणि वर त्या धुराड्यांकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. निदान चहा संपेपर्यंत.

आत गेलो तेव्हा वेळ ठरवून दिलेलं तिकीट होतं, त्यामुळे घाई नको नको म्हणता झालीच. बाहेर सोळावं शतक आणि आत पाऊल टाकलं की अठरावं. हा उलटापालटा प्रकार मला आधी चूक वाटला होता. पण या घराण्याने ती आपली रीतच करून टाकली होती, आणि लोक तिला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. बाहेरून काहीही असो, आत फ्रेंच राजांच्या काळचं फर्निचर, सेव्ह्रच्या फ्रेंच कारखान्यातली चिनीमाती, गालिचे, आणि भिंतींना जुनं कोरीव लाकूड. ज्यावर बाबांनी टकटक केली ते लाकूड.

आता या लाकडाची कथा. 1853 पासून पुढे सतरा वर्षं ओस्माँ नावाच्या अधिकाऱ्याने पॅरिस उभं-आडवं फाडलं. रुंद, सरळ रस्ते काढायचे म्हणून जुन्या वस्त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर सरदार-सावकारांची शंभर-दीडशे वर्षांची घरंही गेली. भिंती पाडायच्या आधी त्यांवरचं कोरीव लाकूड सोडवून काढायचं, पेट्यांत भरायचं, विकायचं. फर्डिनंडने ते घेतलं. घराचे आराखडे करताना अमुक खोली अमुक लाकडाच्या मापाने धरली. जिथे लाकूड कमी पडलं तिथे नवा तुकडा जुन्याच्या धाटणीने कोरून जोडला. ब्रेकफास्ट रूममधलं पॅरिसच्या दोदँ नावाच्या माणसाच्या घरातलं. मनोऱ्यातल्या गोल दिवाणखान्यातलं बोजों नावाच्या गडगंज सावकाराच्या घरातलं. दोन्ही घरांतली माणसं केव्हाच गेलेली, खोल्या मात्र टेकडीवर हवापालटाला आल्यासारख्या इथे राहताहेत.

बाबा एका पॅनेलपाशी फार वेळ थांबले. पांढऱ्याशा रंगावर सोनेरी वेलबुट्टी, त्यात एक बासरी, एक गवताची पेंढी आणि रिबिनीने बांधलेला फावड्यासारखा काहीतरी जिन्नस. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि डोकं तिरपं करून दोन फळ्यांमधली फट शोधली. "इथे जोडलंय. बघ, वरच्या पानाची शीर इथे संपते, खालच्याची अर्धा सूत उजवीकडून सुरू होते." मी पाहिलं. अर्ध्या सुताचा तो फरक एकदा दिसला की मग दुसरं काही दिसेना. शंभर माणसांनी बघून कौतुक केलेल्या त्या भिंतीत कुणा सुताराने पॅरिसचं पान इंग्लंडच्या पानाला जोडलं होतं आणि त्याच्याकडून अर्धा सूत चुकला होता. किंवा लाकूड तिथवर येऊन आटलं असेल. बाबांच्या मते दुसरंच. "सुताराने चूक केली नसेल, हवेने केली असेल."

मग ते म्हणाले, "आपले खांब आठवतात?"

आठवतात. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा मी कॉलेजात होते. सात बिऱ्हाडं, एक हौद, एक भांडण. दिवाणखान्यात सुरूच्या झाडाच्या आकाराचे चार खांब होते, सागवानी, खाली दगडी तळखडा आणि वर केळफुलाची नक्षी. एका खांबावर माणसाच्या उंचीला काळा डाग होता. कधीतरी कंदील टेकून राहिला असणार. एक व्यापारी येऊन घनफुटाच्या भावाने चारही घेऊन गेला. तो भाव ठरवायला बाबाच बसले होते, कारण घरात लाकूड मोजता येणारे तेच. नंतर कितीतरी वर्षांनी मुंबईत एका हॉटेलच्या लॉबीत तसेच खांब दिसले, काही टेकू न देता नुसते उभे केलेले. वर तक्तपोशी नाही, खाली तळखडा नाही, मध्ये फुलदाणी. बाबा पाचही मिनिटं त्या खांबांभोवती डाग शोधत फिरत होते. नव्हता. पॉलिश मारलं असेल, किंवा दुसऱ्या कुणाचे असतील.

त्या दिवशी मला हॉटेलवाल्यांचा राग आला होता. वॉड्सडनच्या खोलीत तो राग जरा निवळला, म्हणजे गेला नाही, पण त्याचा पत्ता बदलला. ओस्माँने पाडलेल्या घरांतलं लाकूड फर्डिनंडने घेतलं नसतं तर त्याचं काय झालं असतं? बरंचसं चुलीत गेलं असतं. आणि घेतलं म्हणून त्या घरांवर उपकार झाले का? तसंही नाही. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर पाडणाऱ्याचा हात जास्त मोकळा होतो, हे पुण्यातल्या कुठल्याही पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको.

वरच्या मजल्यावर गेल्यावर बाबा खऱ्या अर्थाने खूश झाले. तिथे काही दालनांतून प्रदर्शनं मांडलेली असतात, ती त्यांनी धावत पार केली. मग एका खिडकीशी थांबून खाली अंगणाकडे, मग वर छताकडे, मग परत खाली पाहिलं.

"ही भिंत खालच्या भिंतीवर नाही."

मी म्हटलं, मग कशावर आहे?

"तेच तर. खाली ती लांब गॅलरी होती ना, ती इथे मध्येच येते. आपल्या वाड्यात खालची भिंत तीच वरची भिंत. माडीवर खोली वाढवायची तर खाली कुणाच्या तरी डोक्यावर खांब आलाच. इथे वरच्या खोल्या खालच्या खोल्यांचं ऐकतच नाहीत. आत गर्डर आहेत. लोखंडाचा सांगाडा आहे सगळा."

होता. फ्रेंच दगडी महालाच्या पोटात पोलादी सांगाडा आहे. वरच्या भिंतींचं वजन तो पेलतो, म्हणून वरचा आराखडा खालच्यापेक्षा निराळा करता आला. शिकागोत धातूच्या सांगाड्यावर पहिल्या उंच इमारती उभ्या राहत होत्या तो हाच काळ. फर्डिनंडला जुनं दिसणारं घर हवं होतं, जुन्यासारखं राहायचं नव्हतं. गरम-गार नळाचं पाणी होतं, घर उबदार ठेवायची यंत्रणा होती, पुढे वीजही आली. 14 मे 1890 रोजी राणी व्हिक्टोरिया इथे जेवायला आली तेव्हा तिला विजेचं झुंबर इतकं आवडलं की दहा मिनिटं ती ते लावत-विझवत बसली, असं इथले लोक हमखास सांगतात. त्याआधीच्या वर्षी इराणचा शहा नासिरुद्दीन आला होता. त्याला सगळ्या घरात आवडला तो चावीचा हत्ती. तोही आम्ही पाहिला, पूर्वेकडच्या गॅलरीत, व्हेनिसच्या दोन भल्या थोरल्या चित्रांच्या सोबतीला. लंडनमधल्या मार्टिने नावाच्या फ्रेंच कारागिराने 1770च्या सुमारास केलेला, सोंड हलवणारा, कान हलवणारा, गाणारा हत्ती. शहाने तो पुन्हा पुन्हा चालवायला लावला म्हणतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. बाबासुद्धा त्याची चावी कुठून भरतात ते शोधत काचेच्या पेटीभोवती तीनदा फिरले.

देस्तायरने आधी याहून मोठा आराखडा दिला होता. फर्डिनंडने तो कापला. घर बांधणाऱ्याला पुढे नेहमी लहानच बांधलं असं वाटतं, असा इशारा देस्तायरने तेव्हाच दिला होता, आणि फर्डिनंडने स्वतःच पुढे लिहून ठेवलं की त्याचं खरं झालं. 1883 साली पहिली मोठी मेजवानी झाली, आतषबाजीसकट, आणि दशक संपायच्या आत वाढीव बांधकाम सुरू. आमच्या सोसायटीत बाल्कनी आत घेणाऱ्यांना मी हे सांगणार आहे.

पण घर कुणासाठी वाढवत होता? इथे मला प्रत्येक वेळी अडखळायला होतं. फर्डिनंडचं लग्न 1865 मध्ये चुलत घराण्यातल्या एव्हलिनाशी झालं आणि पुढच्याच वर्षी बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. त्याने तिच्या नावाने लंडनमध्ये मुलांचं रुग्णालय काढलं, ते नाव आजही चालू आहे. पुन्हा लग्न केलं नाही. बहीण ॲलिस येऊन राहिली. हे घर बांधलं ते त्यानंतर आठ-दहा वर्षांनी. त्यात बॅचलर्स विंग नावाचा वेगळा भाग आहे, पुरुष पाहुण्यांसाठी. सगळ्यात आधी बांधून झाला तो तोच.

जिन्यावरून उतरताना मी हे बाबांना सांगत होते. आईला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. बाबा कठड्याला धरून उतरत होते, एकेक पायरी. म्हणाले, "एकट्याला मोठं घर बरं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यात वेळ जातो." आणि लगेच, "ही पायरी बघ, आतल्या बाजूला फारच निमुळती आहे. इथे कुणीतरी पडलं असणार."

पडलं होतं. 1898 च्या जुलैमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, याच घरातल्या जिन्यावर पाय घसरून पडला आणि त्याच्या गुडघ्याची वाटी मोडली. बाबांना हे ऐकून जे समाधान झालं ते दिवसभरात कशानेच झालं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवसालाच, फर्डिनंड गेला. मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातल्या दुर्मिळ वस्तूंचा त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला. घर ॲलिसकडे आलं.

ॲलिसबाई हा वेगळाच विषय आहे. तिने जवळच नदीकाठी स्वतःसाठी एक घर बांधलं होतं, झोपायच्या खोल्यांशिवाय. दमट हवेत रात्र काढायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून दिवसभर तिथे आणि रात्री वॉड्सडनला. बाबा म्हणाले, हिचा प्लॅन आमच्या खात्यात मंजूर झाला नसता. एकदा नव्याने लावलेल्या वाफ्यात राणी व्हिक्टोरियाने पाय ठेवला तेव्हा ॲलिसने तिला बाजूला व्हायला सांगितलं, आणि तेव्हापासून राणी तिला 'सर्वशक्तिमान' म्हणू लागली, अशी गोष्ट आहे. घर हाती आल्यावर तिने नियम केले. पडदे ओढून ठेवायचे, ऊन आत येऊ द्यायचं नाही, चिनीमातीच्या वस्तूला हात लावायचा तर कसा लावायचा तेही ठरवून दिलं. आज त्या खोल्यांत जो मिणमिणता, जपून मोजलेला उजेड आहे आणि त्या टॉर्चवाल्या आजींनी बाबांना जे टोकलं ते थेट तिच्यापासून आलेलं आहे. त्यामुळेच दोनशे वर्षांपूर्वीच्या रेशमाचा रंग अजून टिकलाय. बाबांना तो अंधार पटला नाही. उजेड नसलेल्या खोलीला ते खोली मानतच नाहीत. पण नियम करणारी बाई आवडली.

तिच्यानंतर घर तिच्या बहिणीच्या नातवाकडे, जेम्सकडे गेलं. 1939 च्या वसंतात त्याने आणि त्याच्या बायकोने, डोरोथीने, जर्मनीतून तीसेक ज्यू मुलगे आणवले आणि वॉड्सडन गावातल्या एका घरात त्यांना ठेवलं. मुलं फ्रँकफुर्टची. त्याच गावची, जिथे तो बोळ होता. युद्ध सुरू झाल्यावर महालात क्रॉयडनहून हलवलेली पाच वर्षांखालची शंभरेक पोरं राहिली. बोजों सावकाराच्या कोरीव लाकडाच्या मधोमध लंगोट वाळत घातले असतील का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. 1957 मध्ये जेम्सने मृत्युपत्राने घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं, म्हणून आम्ही तिकीट काढून आत जाऊ शकलो.

निघताना बाबांनी वळून पाहिलं. दक्षिणेकडून, बागेच्या बाजूने. तिथून घर वेगळंच दिसतं, लांबट, जरा मवाळ, खाली फुलांची कडक भूमिती. "दोन्ही बाजू एकाच माणसाने काढल्यासारख्या वाटत नाहीत," ते म्हणाले. मग, "घर म्हणून ठीक आहे." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी कधी ऐकलेलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी भांडी लावत होते. बाबा डायनिंग टेबलावर बसून वीजबिलाच्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी काढत होते. जवळ जाऊन पाहिलं तर खालचा मजला होता, नुसत्या आठवणीतून, पावलांच्या मापाने. त्यावर तुटक रेषांनी वरचा मजला. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे बारीक फुल्या. पूर्वेच्या गॅलरीवरून गर्डर कसा गेला असेल, मनोऱ्याच्या गोल भिंतीत खांब कुठे लपवला असेल, सगळं बसत होतं. फक्त एका फुलीभोवती त्यांनी दोनदा गोल केला होता.

"हे वजन खाली कुठे उतरतं तेवढं कळत नाही," ते म्हणाले. पेन्सिलीचं टोक त्या गोलावर ठेवून थोडा वेळ बसले. "मधली एक खोली आपण नीट बघितली नाही. ते आजचं तिकीट उद्या चालतं का?"